उष्टा पट्टा

१

छातीला बांधायचा पट्टा कसा सांभाळायचा, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बांधण्याआधी आतल्या दोन काळ्या रबरी पट्ट्या ओल्या करायच्या. त्या कोरड्या राहिल्या तर ठोके नीट कळत नाहीत, मोबाइलवरचा आकडा उगाच दोनशेवर उडतो. पळून आल्यावर पुढची, ठोके मोबाइलला कळवणारी डबी खटकन काढून ठेवायची, नाहीतर सेल उतरतो. पट्टा साध्या पाण्यातून काढायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळत टाकायचा. सेल बदलला की डबीच्या मागे तारीख लिहायची. मी तर पेनानं लिहून वर चिकटपट्टीही लावतो.

मी बिरप्पा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की हाक मला. चोवीस मागांचे आवाज माझ्या कानात बसलेत. कोणता माग उद्या बंद पडणार, ते मी आज सांगतो, आणि सहसा चुकत नाही. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस निगा ठेवत नाही म्हणून ते चुकतं, असं माझं ठाम मत. कारखान्यात पोरं यावरून माझी टिंगलही करतात.

पट्टा माझ्या मुलीचा, ऋतुजाचा. गेल्या वर्षी पोलीस भरतीत आठशे मीटर पळताना शेवटच्या वळणावर ती कोसळली. चार मिनिटं शुद्धीवर नव्हती. नंतर सगळ्या तपासण्या झाल्या, पण काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "पळू दे, पण ठोके एकशे पंच्याऐंशीच्या वर जाऊ देऊ नका." काही सापडलं नाही याचीच मला जास्त भीती वाटायची. मागात दोष सापडला तर तो काढता तरी येतो.

आधी मनगटावरचं घड्याळ घेतलं होतं. ते पळताना दहा-वीस ठोके इकडचे तिकडे करायचं, म्हणून मग हा पट्टा आणला. रोज पहाटे ती एमआयडीसीच्या रस्त्यावर पळायची आणि मी बाजूनं सायकलवर, हँडलला मोबाइल बांधून. आकडा वर गेला की ओरडायचो, "कमी कर, कमी कर!" माझी बायको पूनम म्हणायची, "त्या पट्ट्याची एवढी बडदास्त ठेवता, माझी एक दिस ठेवा की."

२

आमच्या भागात नळाला पाणी पाच दिवसांनी येतं. त्या खेपेला सहावा दिवस उजाडला तरी नळ कोरडाच होता. पिंपाचा तळ दिसत होता आणि पूनमनं स्वयंपाकापुरता एक हंडा झाकून ठेवला होता. त्याला हात लावायची माझी छाती नव्हती. भरतीला दहा दिवस राहिले होते. ऋतुजा बुटाच्या नाड्या बांधून दारात उभी होती आणि पट्टा माझ्या हातात खडखडीत वाळलेला.

मी तो तोंडाजवळ नेला आणि दोन्ही रबरी पट्ट्यांवरून जीभ फिरवली. तिच्या भरती अकॅडमीतली पोरं असंच करतात. पण ज्याचा पट्टा, त्याचीच थुंकी. जिभेला खारट लागलं. धुऊनसुद्धा तिच्या घामाचं मीठ त्यात राहिलं होतं.

पूनमनं ते पाहिलं. "अहो, उष्टं करून पोरीच्या अंगाला बांधता व्हय?"

"ल्हानपनी बापाचं उष्टं तिनं काय कमी खाल्लंय का?" मी हसलो.

"ते ताटातलं. हे काळजावर बांधायचं हाय."

मला माझ्या आईची आठवण झाली. मैंदर्गीला आम्ही मेंढरांमागं फिरायचो तेव्हा चिमाबाईचा, म्हणजे आईचा, जेवणातला एकच कायदा होता. भाकरीला ज्यानं तोंड लावलं, त्यानंच ती संपवायची. टाकायची नाही आणि दुसऱ्याच्या पानात सरकवायची तर अजिबात नाही. पण ही काही भाकरी नव्हती. उशीर होत होता. मी पट्टा ऋतुजाच्या हातात दिला, तिनं आत जाऊन बांधला आणि आम्ही निघालो. त्या दिवशी ती छान पळाली.

३

दुपारी मी जेवायला घरी येतो. त्या वेळी घरात कुणी नसतं. पूनम टॉवेलांना शिलाई मारायला शेडमध्ये जाते आणि ऋतुजा नवी पेठेतल्या अभ्यासिकेत असते. दोन्ही बाजूंच्या घरांत माग चालू असतात, त्यामुळे भिंतींतून सारखी खटखट येत राहते. ती थांबली तरच आमच्या लक्षात येतं.

दोनच्या सुमाराला भाकरीचा घास हातात असताना मोबाइल थरथरला. पाहिलं तर पट्टा जोडला गेला होता. हिरवं बदाम उघडझाप करत होतं आणि शेजारी आकडा होता, ७४.

मी उठून मागच्या खोलीत गेलो. दोरीवर टॉवेलांच्या शेजारी पट्टा लोंबत होता आणि डबी नेहमीसारखी फळीवर काढून ठेवलेली. दोघांत दोन हातांचं अंतर. मी डबी उचलली, उलटीपालटी केली, शर्टानं पुसली. आकडा ८१ झाला. म्हटलं, ओल असेल. ओल आली की ही डबी जागी होते, हे मला माहीत होतं. माझ्याच बोटांना आमटी लागली असेल.

पण आकडा चढत राहिला. ११०. १३२. १६०. एकदा तो १७१ वरून खाली आला, १४८ झाला आणि पुन्हा चढू लागला. १८१ ला पोचून थोडा वेळ थांबला आणि मग हळूहळू उतरला, दमलेलं माणूस उतरतं तसा. शेवटी बदाम विझलं आणि अ‍ॅपनं ते सगळं एक पळणं म्हणून जपूनही ठेवलं.

आमची हवा कोरडी आहे. कारखान्यात टॉवेलांचा ढीग उचलला की हाताला विजेचा चटका बसतो. दोरीवर टॉवेल, शेजारी पट्टा, तेव्हा हे त्याचंच असणार, असं मी स्वतःला समजावलं आणि गार झालेली आमटी संपवली.

४

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या टाकीपाशी एक कुत्रं ऋतुजाच्या आडवं आलं. ती थबकली. मी दगड उचलल्यासारखं केलं, कुत्रं गेलं आणि ती पुन्हा पळू लागली. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल.

नंतर ती कठड्यावर बसून पाणी पीत होती तेव्हा मी आदल्या दुपारचं ते खोटं पळणं पुसायला मोबाइल हातात घेतला. आधी आजची रेघ पाहिली. टाकीपाशी ती १७१ वरून १४८ वर आली होती. सगळ्यात वरचा आकडा १८१. मग कालची रेघ उघडली.

दोन्ही रेघा एकच होत्या. तोच चढ, तोच खड्डा, तेच टोक. मी चार वेळा मागेपुढे करून पाहिलं. पाठीवरून घाम उतरला, आणि तो सायकलचा नव्हता.

अकॅडमीचे जोतिराम सर रस्त्यावरच भेटले. त्यांना दाखवलं. "बिरप्पा, काय बी न्हाय वो," ते म्हणाले, "अ‍ॅप एकच फाइल दोनदा दावतंय. तारखेचा घोळ हाय नुसता." आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले. ते खरं असावं असं मला फार वाटत होतं. पण काल दुपारी जेवता जेवता मी तो आकडा चढताना पाहिला होता, आणि तेव्हा ते कुत्रं कुठं होतं कुणास ठाऊक.

५

त्यानंतर हे रोज होऊ लागलं. वेळ ठरलेली, दोन वाजून पाच मिनिटं. मी जेवण सोडून मागच्या खोलीत बसायला लागलो. डबी पिठाच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावून पाहिलं. पट्टा दोरीवरून काढून अंगणात नेऊन पाहिला. आता नळाला पाणी आलं होतं, म्हणून तो तीनदा धुतलाही. आकडा यायचा तो यायचाच. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ऋतुजा तेच पळायची, ठोक्याला ठोका.

एका दुपारी रेघ मध्येच तुटली. १५२ वर खाडा पडला, मग बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाली. मला बरं वाटलं. म्हटलं, बिघडलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी पहाटे मनात आलं, आज आपणच हे मोडून दाखवू. निम्म्या वाटेत मी सायकल तिच्यासमोर आडवी घातली.

"पप्पा! काय करताय?" ती माझ्यावर आदळता आदळता वाचली. सरकलेला पट्टा नीट करायला ती आडोशाला गेली. मी हँडलकडे पाहिलं. आकडा १५२ वर येऊन थांबला होता. कालचा खाडा मी माझ्या हातानं आज पाडला होता.

रस्त्यावर मी तसाच उभा राहिलो. ती विचारत होती, "तुमाला बरं वाटत न्हाय का? किती घामाघूम झालाय." मी काहीतरी पुटपुटलो. पट्टा नाल्यात फेकून द्यावा असं त्या दिवशी दहादा मनात आलं. पण फेकायचा तरी काय म्हणून? तो चुकत नव्हता. उभ्या जन्मात इतकं भरवशाचं यंत्र मी पाहिलं नव्हतं. शिवाय फेकला तर उद्या काय होणार ते मला कळणार नव्हतं, आणि आता त्याशिवाय मला राहवत नव्हतं.

६

भरतीच्या आदल्या दिवशी सरांनी तिला विश्रांती दिली होती. मी कारखान्यातून एक वाजताच निघालो. घरी आलो, दार आतून लावलं आणि मागच्या खोलीत दोरीसमोर स्टूल ठेवून बसलो. एक रुपयाच्या नाण्यानं डबीचं झाकण फिरवलं, सेल काढला आणि मुठीत घट्ट धरला. डबी उघडी, पोकळ, फळीवर. आता बघू, म्हटलं.

दोनला वीज गेली. दोन्ही बाजूंचे माग थांबले आणि भिंती एकदम गप्प झाल्या. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी मोबाइल थरथरला. ८८. सेल माझ्या मुठीत होता, मी मूठ उघडून पाहिलं. १०४. १३९. आज चढ उभा होता, शर्यतीचा. मग मला आवाज आला. बाहेरून नाही, खोलीतूनच, पण लांबून आल्यासारखा. मऊ मातीवर पावलं पडत होती. एका माणसाची, भरभर, आणि त्यांच्याबरोबर श्वास. तो श्वास मला ओळखू आला. तिला बाळदमा होता तेव्हा रात्र रात्र मी तो ऐकलाय.

१७६. १८५. मी ओरडलो, "कमी कर!" रिकाम्या खोलीत मी दोरीला ओरडत होतो.

तेव्हा मी मान वर केली. पट्टा लोंबत नव्हता. तो गोल झाला होता, कुणाच्या तरी अंगाभोवती बसावा तसा, आणि ताणत होता, सैल होत होता, ताणत होता. त्याच्या आत शेजारच्या टॉवेलाची लाल किनार दिसत होती, बाकी काही नव्हतं. १९०. १९२.

आणि आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. पावलं थांबली. पट्टा एकदम सैल पडून दोरीवरून खाली आला. वीज आली, माग सुरू झाले, तरी मी किती वेळ स्टुलावर बसून होतो ते सांगता येत नाही.

७

"उद्या जाऊ नगंस," संध्याकाळी मी ऋतुजाला म्हणालो. ती बूट पुसत बसली होती.

"का?"

"माजं मन घेत न्हाय."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली. "पप्पा, वरीसभर सायकल तुमीच चालवली की. आता मन घेत न्हाय म्हंता?"

"पुढच्या साली दे. कुटं पळून चाललीय भरती?"

"गेल्या साली मी त्या वळनावर पडले," ती म्हणाली. "घरात बसले तर जल्मभर तितंच पडून ऱ्हाईन. तुमाला चालंल का?"

पट्ट्याचं तिला सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ती भीती घेऊन पळाली असती, आणि कदाचित त्या भीतीनंच आकडा १९२ ला गेला असता. सायकल आडवी घातल्याचं मी विसरलो नव्हतो. मी काहीही केलं तरी ते त्या रेघेत आधीच धरलेलं असेल, असं वाटत होतं. आजवर कशाला भ्यालो नव्हतो इतका मी त्या संध्याकाळी भ्यालो.

जेवताना तिला भाकरी जाईना. अर्धी चावून तिनं ताटात ठेवली.

"उष्टं टाकू नगं," पूनम म्हणाली.

"पोटातच जात न्हाय, मम्मी."

मी सवयीनं हात पुढे केला, ती अर्धी भाकरी घेतली आणि खाऊ लागलो. खाता खाता मला आईचा कायदा आठवला. ही भाकरी तिची होती, तरी मी संपवत होतो. पण तो पट्टा मी उष्टा केला होता, आणि आठवडाभर तो मी तिच्याच पानात सरकवत होतो. घास घशात अडकला. पूनमनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाय, ठसका." मग ती भाकरी मी शेवटच्या घासापर्यंत संपवली आणि उठून पट्टा माझ्या पिशवीत ठेवला.

८

भरतीच्या मैदानात पालकांना सोडत नाहीत आणि पळताना अंगावर पट्टाबिट्टा चालत नाही. ऋतुजा माझ्या पाया पडून आत गेली. मी भिंतीबाहेर लिंबाखाली उभा राहिलो. तिथून आतलं काही दिसत नव्हतं, शिट्टी तेवढी ऐकू यायची.

पट्टा माझ्या पिशवीत होता. पहाटे उठून मी त्यात कोरा सेल घातला होता आणि डबीच्या मागे तारीख लिहिली होती. भिंतीच्या आडोशाला गेलो. बाटलीत पाणी होतं, तरी मी जीभच फिरवली. मग शर्ट वर करून पट्टा शेवटच्या मापापर्यंत सैल केला आणि स्वतःच्या छातीला बांधला. गार लागला. मोबाइलवर ८४ आले. मानेवर बोटं ठेवून घड्याळात मोजले. चौऱ्याऐंशीच होते, माझे.

तिची तुकडी उभी राहिल्याचं कर्ण्यावर सांगितलं. शिट्टी झाली.

मी जागचा हललो नव्हतो. आकडा ११२ झाला. १४०. आधी मला काही जाणवलं नाही, आणि वाटलं, यावेळी हा चुकतोय, देवा, चुकू दे. मग उभ्या उभ्या माझ्या पोटऱ्या भरून आल्या. तोंडात मातीची चव आली. १६८. श्वास पुरेना, म्हणून मी लिंबाच्या खोडाला धरलं. आता ती शेवटच्या वळणावर असेल. १८५. शेजारी उभी असलेली एक बाई विचारत होती, "दादा, पानी देऊ का?" तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज लांबून येत होता. १९०. मी खोड सोडलं नाही. १९२.

दुपारी वीज जाऊन माग थांबतात तसं माझ्या आत सगळं थांबलं.

मी पडलो नाही. दुखलंही नाही. ताठ उभा होतो, डोळ्यांना सगळं दिसत होतं. लिंबाची पानं, ती बाई, भिंतीवर वाळत घातलेले कुणाचे तरी मोजे. मोबाइलवर दोन आडव्या रेघा होत्या. माझ्या पुढ्यात काय वाढून ठेवलं होतं ते संपलं, एवढंच कळलं, आणि मग फाटकाकडे पाहायचं धैर्य होईना.

"पप्पा!"

ऋतुजा धावत येत होती. तोंडभर हसत होती. "दोन चव्वेचाळीस! पप्पा, दोन चव्वेचाळीस! आन् खरं सांगू, दमच लागला न्हाय. शेवटच्या वळनावर कुनीतरी मागनं उचलून नेल्यागत वाटलं." तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. तिनं मला मिठी मारली, डोकं माझ्या छातीवर टेकवलं. मी वाकलो, तर माझ्या गालाशी तिच्या मानेची शीर उडत होती, चांगली, ठणठणीत. मी डोळे मिटून ती ऐकली.

मग ती हळूच मागे झाली. माझ्या शर्टाखालचा उंचवटा तिनं बोटानं चाचपला.

"पप्पा, अंग किती गार पडलंय तुमचं. आन् हे काय, पट्टा तुमी बांधलाय? बघू मोबाइल, किती आलंय."

मी मोबाइल पालथा धरला. दुसऱ्या हाताची दोन बोटं केव्हापासून मानेवर होती. जागा बदलून बदलून मी शोधत होतो, डावीकडे, उजवीकडे, जबड्याखाली.

"बंद पडलाय गं," मी म्हणालो. "सेल उतरला आसंल."

सेल मी सकाळीच नवा घातला होता.